बसायची जागा आधी, पेन्सिल नंतर

वाचकांचे प्रश्न : रस्त्यावर बसून केलेली स्केचेस

गेल्या अंकात पुण्याच्या मंडईसमोर बसून मी स्केच कसं करते, यावर लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी एकाच अर्थाची पत्रं एकत्र केली, 'सोबतच्या चित्रावर अभिप्राय द्या' म्हणणारी बाजूला ठेवली (त्यांना घरच्या पत्त्यावर उत्तर येईल) आणि उरलेली इथे घेतली आहेत. काहींनी मला 'सर' केलंय, एकाने 'प्रोफेसर'. मी दोन्ही नाही. सार्वजनिक बांधकाम खात्यातून आरेखक म्हणून निवृत्त झालेली बाई आहे. नोकरी सगळी टी-स्क्वेअर, सेटस्क्वेअर, रोटरिंगची पेनं आणि अमोनिया प्रिंटच्या वासात गेली. रस्त्यावर बसून काढायला लागले ती निवृत्तीनंतर. तेव्हा 'कलावंताची दृष्टी' वगैरे माझ्याकडून ऐकायला मिळणार नाही. रेघ कुठून निघते आणि कुठे जाते, एवढं मात्र सांगता येईल. काकू म्हटलंत तरी चालेल.

*

शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा दिल्या होत्या. बी ग्रेड होती. आता मुलं मार्गी लागली, म्हणून पुन्हा सुरू करावं म्हणते. दुकानात गेले तर दुकानदाराने वह्या, पेनं, रंग, ब्रश असं साडेचार हजारांचं सामान काउंटरवर मांडलं. खरंच एवढं लागतं का?
— गृहिणी, डोंबिवली

नाही हो. दुकानदाराला त्याचं दुकान चालवायचंय.

एक वही घ्या, साधारण ए-फाइव्ह आकाराची. पुठ्ठा कडक हवा, कारण रस्त्यावर टेबल नसतं, वही हातावरच धरावी लागते. कागद दीडशे जीएसएमच्या (कागदाच्या वजनाचं माप) आसपास असला की पुरे. त्यावर हलका वॉश, म्हणजे पाणी घातलेला पातळ रंग, दिला तर कागद थोडा गुबारेल, पण फाटणार नाही. तीनशे जीएसएमच्या कागदाचं नाव तूर्त काढू नका. महाग कागद समोर असला की हात आखडतो आणि पहिली रेघच उमटत नाही.

पेन म्हणाल तर घरात पडलेलं बॉलपेन. हसू नका. हलकं टेकवलं तर पुसट रेघ येते, दाबलं तर गडद, आणि वरून पाणी लागलं तरी सहसा पसरत नाही. जेल पेनांचा आणि पातळ शाईच्या पेनांचा भरवसा नाही. वहीच्या शेवटच्या पानावर रेघ मारायची, ती वाळू द्यायची आणि ओलं बोट फिरवायचं. शाई पसरली तर ते पेन वाण्याच्या यादीसाठी ठेवा. खोडरबर घरीच राहू दे. इंटरमिजिएटमध्ये आपण निम्मा वेळ खोडण्यातच घालवायचो, आठवतंय ना?

रंग आताच नकोत. एक वही भरली की कॅमलच्या चार ट्यूब आणा : यलो ऑकर, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन ब्लू आणि क्रिमझन. काळा आणू नका. अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट सिएना मिसळलात की आपल्याकडच्या काळ्या दगडाचा करडा रंग तयार होतो. निळा जास्त पडला तर सावलीतला दगड, तांबडा जास्त पडला तर उन्हातला.

आणि पैसे खर्चायचेच असतील तर आधी घडीचं स्टूल घ्या, हलकं, पिशवीत मावेल असं. उभ्याने काढताना पाय दुखायला लागले की माणूस चित्र उरकतो. बहुतेक वाईट स्केचेस पायांमुळे वाईट होतात, हातामुळे नाही.

*

इमारत मला चांगली जमते. पण त्यात माणसं काढली की काही हवेत तरंगतात, तर काही खड्ड्यात उभी असल्यासारखी दिसतात. पर्स्पेक्टिव्हचे बरेच व्हिडिओ पाहिले. त्यात व्हॅनिशिंग पॉइंट (लांब जाणाऱ्या रेघा जिथे मिळतात तो बिंदू) ठरवा म्हणतात, पण माझा पॉइंट कायम कागदाच्या बाहेर जातो. मग तो धरायचा कुठे?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, ठाणे

हा प्रश्न माझ्या आवडीचा आहे, म्हणून उत्तर लांबणार.

आधी एक शंका. तुमची जी इमारत 'चांगली जमते' ती बहुधा एलिव्हेशन असते. म्हणजे समोरून पाहिलेली, सगळ्या आडव्या रेघा आडव्या, सगळ्या खिडक्या एका मापाच्या. नकाशा पास करायला ते ठीक आहे. आम्ही खात्यात तेच काढायचो. पण रस्त्यावर उभं राहून एलिव्हेशन कोणालाच दिसत नाही. इमारतीच्या खिडक्या सारख्या मापाच्या आहेत हे आपल्याला *ठाऊक* असतं, आणि हात ठाऊक असलेलं काढून मोकळा होतो. मग अशा सपाट इमारतीपुढे माणसं ठेवली की ती तरंगणारच. त्यांना उभं राहायला तुम्ही जमीनच दिलेली नसते.

व्हॅनिशिंग पॉइंट विसरा. आधी डोळ्यांची पातळी शोधा. त्यासाठी वही बंद करून डोळ्यांसमोर आडवी धरा, पोळपाट धरल्यासारखी. वरची बाजू दिसत असेल तर वही थोडी वर घ्या, खालची दिसत असेल तर खाली. दोन्ही बाजू दिसेनाशा होऊन नुसती कड उरली की थांबा. ती कड समोरच्या दृश्याला जिथे कापते, ती तुमची पातळी. ती कशावरून जाते ते नीट बघून ठेवा. दुकानाच्या काउंटरवरून? शटरच्या कुलपावरून? रिक्षाच्या काचेवरून? मग कागदावर सगळ्यात आधी ती रेघ पुसट मारा. इमारत नंतर.

आता लक्ष्मी रोडवर उभे आहात असं समजा. पातळीच्या वर जे काही तुमच्यापासून लांब जातंय, म्हणजे दुकानांच्या पाट्या, गॅलऱ्या, छज्जे, ते सगळं उतरत उतरत त्या रेघेकडे येतं. खाली जे आहे, म्हणजे फूटपाथची कड, दुकानांच्या पायऱ्या, ते चढत चढत तिच्याकडे जातं. आणि माणसं? तुम्ही उभे असाल आणि रस्ता सपाट असेल, तर जवळचं माणूस असो की लांबचं, साधारण तुमच्या उंचीच्या सगळ्यांची डोकी त्या रेघेवरच येतात. बदलतात ते फक्त पाय. जवळच्याचे पाय कागदाच्या तळाशी, लांबच्याचे रेघेच्या अगदी जवळ. डोकी एका दोरीवर वाळत घाला आणि पाय हवे तेवढे लांब सोडा, गर्दी आपोआप खरी दिसायला लागते. लहान मूल असेल तर डोकं रेघेखाली, खांद्यावर बसवलेलं असेल तर वर.

पण तुम्ही स्टुलावर बसलात की हे सगळं बदलतं. रेघ खाली येते आणि उभ्या माणसांच्या छातीवरून जाते. सगळ्यांच्याच छातीवरून, जवळच्याही आणि लांबच्याही. आता जवळून जाणाऱ्याचं डोकं रेघेच्या बरंच वर जाईल, लांबच्याचं किंचितच वर. तुमची माणसं तरंगतात त्याचं कारण मला इथे दिसतंय. तुम्ही बहुतेक बसून बघता आणि डोकी एका ओळीत लावता, किंवा इमारत बसून काढता आणि माणसं नंतर उभ्याने भरता. एकदा बसलात की चित्र संपेपर्यंत त्याच उंचीवर राहा. मध्ये चहा प्यायला उठलात तर चालेल, पण उभ्याने चार रेघा मारू नका.

कागदाबाहेरच्या पॉइंटचं काय करायचं? काही नाही. हात कोपरात न वाकवता पुढे धरा, एक डोळा मिटा आणि पेन्सिल समोरच्या छज्ज्याच्या कडेवर जुळवा. जुळवताना पेन्सिल छज्ज्याच्या दिशेने आत रोखायची नाही. तुमच्या आणि इमारतीच्या मध्ये काच आहे आणि पेन्सिल त्या काचेला चिकटून फिरतेय, असं धरा. जो तिरकेपणा मिळेल तो न हलवता कागदावर आणा आणि रेघ मारा. दोन-तीन मुख्य रेघा अशा घेतल्या की बाकीच्या त्यांच्या मधोमध अंदाजाने बसतात. त्यासाठी पॉइंट कागदावर असण्याची गरज पडत नाही.

एक अपवाद सांगून ठेवते. उतारावर किंवा घाटाच्या पायऱ्यांवर डोक्यांचा हा नियम लागू होत नाही. नाशिकला रामकुंडावर बसून काढाल तेव्हा प्रत्येक माणूस कुठल्या पायरीवर आहे ते बघूनच ठेवावा लागेल.

*

मला रस्त्यावर बसून काढायची फार इच्छा आहे, पण लोक येऊन मागे उभे राहतील या विचाराने वही पिशवीतून बाहेरच निघत नाही. त्यात मी एकटी मुलगी. तुम्हाला भीती नाही वाटत का?
— कॉलेज विद्यार्थिनी, सोलापूर

माझ्या वयाच्या बाईकडे कोणी बघत नाही गं, तो एक फायदा असतो. तुझं तसं नाही हे मान्य.

पहिली गोष्ट, पाठीमागे भिंत येईल अशी जागा निवड. निम्मा प्रश्न तिथेच सुटतो, कारण लोक समोरून येऊन वहीत डोकावत नाहीत, मागून डोकावतात. बंद दुकानाची पायरी, देवळाचा कट्टा, ग्रंथालयाचा व्हरांडा, हॉटेलातलं खिडकीजवळचं टेबल. हॉटेलात एक कॉफी मागव आणि गर्दीची वेळ टाळ, म्हणजे मालकही कुरकुरणार नाही. सकाळी सात ते नऊ ही वेळ सगळ्यात बरी. ऊन तिरपं असतं आणि लोकांना कामावर जायची घाई असते. सुरुवातीला मैत्रिणीला बरोबर घे. तिने चित्रच काढायला हवं असं काही नाही, शेजारी बसून फोन बघत बसली तरी पुरे. आणि एखाद्या जागी मनाला बरं वाटत नसेल तर अर्धं स्केच मिटून सरळ उठायचं. त्या रेघेपायी कशाला तिथे थांबायचं?

बघणाऱ्यांचं म्हणशील, तर आपल्याकडचे लोक बघतात आणि बोलतातही. मंडईत मी एका भाजीवाल्या मावशींना काढत होते. त्यांच्या लक्षात आलं. उठून आल्या, वहीत बघितलं आणि म्हणाल्या, "थांबा जरा, जुड्या नीट लावू द्या, मग काढा." परत गेल्या. कोथिंबिरीच्या सगळ्या जुड्या मुळं आत आणि पानं बाहेर करून पुन्हा रचल्या, त्यावर पाण्याचा हात मारला, पदर सारखा केला आणि तराजू पुढे ओढला. मग अर्धा तास समोर कोणी गिऱ्हाईक उभं राहिलं की, "ओ दादा, सरका थोडं, चित्र चाललंय." धंद्याच्या वेळी हे! एकाने भाव विचारला तर त्याला आधी बाजूला घेतला आणि मग भाव सांगितला. अशी राखण मला खात्यात कुठल्या शिपायानेही केली नव्हती.

म्हणून शक्य असेल तिथे विचारून काढ. माणूस स्पष्ट दिसेल इतक्या जवळून काढणार असशील तर विचारायलाच हवं. नाही म्हणाले तर त्यांच्या मागची भिंत काढायची. पोलीस किंवा वॉचमन आला तर वही मिटू नकोस, उघडी त्याच्या हातात दे. मिटलेल्या वहीचा संशय येतो. बहुतेक वेळा तो आपलंच चित्र काढायला सांगतो. तरीही 'इथे बसू नका' म्हणाला, तर वाद न घालता उठायचं.

*

प्रत्यक्ष जागेवर बसून एवढा त्रास कशाला? मोबाइलवर फोटो काढून घरी निवांत रंगवलं तर काय बिघडतं?
— बँक कर्मचारी, नागपूर

काहीच बिघडत नाही. फक्त ते वेगळं काम आहे.

मोबाइलचा नेहमीचा कॅमेरा रुंद बघतो. जवळचं मोठं करतो आणि लांबचं बारीक. मंडईचंच उदाहरण घ्या. 1886 साली उभी राहिलेली दगडी इमारत, मध्ये अष्टकोनी मनोरा आणि त्यातून चहूकडे फुटलेली लांब लांब दालनं. समोर उभं राहिलं की तो मनोरा अंगावर येतो. मान वर करावी लागते. फोटो काढा, मनोरा मागे जाऊन बसतो आणि पुढची पार्क केलेली स्कूटर हत्तीएवढी होते. तुम्ही घरी जाऊन इमानेइतबारे ती स्कूटर रंगवता. जागेवर बसला असता तर स्कूटर तुम्हाला दिसलीच नसती, इतकं तुमचं लक्ष मनोऱ्याकडे असतं. काय गाळायचं हे जागेवर डोळाच ठरवतो. फोटो काही गाळत नाही.

या बाबतीत काही लोक फार कडक असतात. सिअ‍ॅटलच्या एका वर्तमानपत्रात तेव्हा काम करणारे गॅब्रिएल कॅम्पानारिओ यांनी 2007 मध्ये 'अर्बन स्केचर्स' सुरू केलं. आज जगभर त्याचे गट आहेत, मुंबई-पुण्यातही आहेत. जागेवर बसून, समोर दिसतंय ते काढायचं, हा त्यांचा पाया आहे. मी कुठल्या गटात नाही. मला गप्पा मारत काढता येत नाही. पण तुम्हाला एकट्याने बसायचा कंटाळा येत असेल तर अशा गटाबरोबर जाऊन बघा. फोटोची सवय आपोआप सुटेल.

मी फोटो काढते तो निघताना, पाटीवरची अक्षरं तपासायला. मराठी पाटीचं शुद्धलेखन चुकलं तर त्याच दुकानदाराचा फोन येतो.

*

उन्हाळ्यात सुट्टी असते म्हणून तेव्हाच बाहेर पडतो, पण चित्र अगदी सपाट येतं. शेडिंग करूनही उठाव येत नाही. काय चुकतंय?
— शिक्षक, अहिल्यानगर

वेळ चुकतेय. मे महिन्याच्या मध्याला आपल्या भागात सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, उभ्या खांबाची सावलीसुद्धा त्याच्या पायाशीच गोळा होते. अशा वेळी इमारतीच्या दोन्ही बाजूंवर सारखाच उजेड असतो. मग तुम्ही शेडिंग कशाचं करता? मनाचं!

सकाळी आठला जा. एक बाजू उन्हात आणि एक सावलीत असेल अशा कोपऱ्यावर बसा, आणि सावलीची कड सगळ्यात आधी पेन्सिलीने आखून घ्या. तासाभरात ती चांगलीच सरकते. नंतर ती कितीही सरकली तरी तुम्ही आखलेलीच धरायची. उन्हाची बाजू कोरी सोडा. अगदी कोरी. शिक्षकांना पान कोरं सोडवत नाही, माहीत आहे मला.

*

रोज कल्याण ते सीएसएमटी लोकलने जाते. तो वेळ स्केचिंगसाठी वापरावा असं वाटतं, पण माणसं स्थिर बसत नाहीत. काढायला घेतलं की मान वळवतात किंवा उतरून जातात.
— सरकारी नोकरीतील महिला, कल्याण

तुम्हाला तर घरबसल्या मॉडेल्स मिळाली आहेत. आर्ट स्कूलच्या मुलांना मॉडेलचे पैसे मोजावे लागतात.

तुम्ही लेडीज डब्यातून जात असणार. संध्याकाळच्या गाडीत बघा, कोणी तरी भाजी निवडत असतं. मटार सोलणारी बाई धरा. शेंग उचलली, अंगठ्याने फोडली, दाणे पिशवीत टाकले, साल बाजूला. पुन्हा शेंग उचलली. तिची मान, खांदे, मनगटं दर काही सेकंदांनी त्याच जागी परत येतात. तुम्ही एक क्षण निवडायचा, समजा शेंग फोडतानाचा, आणि प्रत्येक वेळी तो आला की थोडं थोडं काढायचं. मधल्या वेळात पेन थांबवायचं. हलणारं माणूस काढण्याची युक्ती एवढीच आहे. जो परत परत तीच हालचाल करतो त्याला धरा : मेथी निवडणारी, इस्त्रीवाला, उसाचा रस काढणारा, तिकीट खिडकीतला माणूस.

झोपलेले लोक सोपे. फोन बघणारे त्याहून सोपे, त्यांची मान तर एका कोनात गोठलेलीच असते. समोरच्या बाईला काढू नका, नजरानजर होते. तिरकस बसलेलीला काढा. सुरुवातीला चेहरा नकोच. हँडलला धरलेला हात, मांडीवरची पर्स, सीटखाली दुमडलेले पाय. अर्ध्यात उतरून गेली तर तिच्या जागी बसलेलीचं उरलेलं अर्धं जोडा. एकीचं डोकं आणि दुसरीची ओढणी. कोण विचारायला येतंय?

धुरंधरांची (चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधर, 1867 ते 1944, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्येच शिकले आणि तिथेच शिकवलं) मुंबईतल्या माणसांची चित्रं कुठे बघायला मिळाली तर जरूर बघा. मुंबईचे पोलीस कमिशनर राहिलेले एडवर्ड्स यांच्या मुंबईवरच्या पुस्तकातही ती आहेत. धुरंधरांचं माणूस पाठमोरं असलं तरी कळतं की हा कोण. पागोटं कसलं, ओझं कुठल्या खांद्यावर, धोतराचा सोगा कसा धरलाय. नाक-डोळ्यांच्या आधी या गोष्टी दिसल्या पाहिजेत. लोकलमध्ये पागोटी उरली नाहीत, पण सॅक पोटावर घेऊन उभं राहण्याची तऱ्हा आहेच की.

रविवारी प्लॅटफॉर्मवर बसून काढणार असाल तर प्लॅटफॉर्म तिकीट काढा. टीसी आला की चित्र दाखवून सुटका होत नाही.

*

वाईच्या घाटावर नेहमी बसतो. पण देवळाचं कोरीवकाम, घाटाच्या पायऱ्या, दगड, झाडं, किती काढू आणि किती सोडू ते समजत नाही. तीन-तीन तास बसूनही चित्र अपुरंच राहतं.
— औषध विक्रेते, वाई

घाटावर राहता आणि तक्रार करता, कमाल आहे तुमची.

ढोल्या गणपतीच्या देवळामागे जाऊन कधी बसलात का? सरदार गणपतराव रास्त्यांनी 1762 मध्ये बांधलेल्या त्या देवळाची मागची भिंत माशासारखी निमुळती केली आहे, कृष्णेला पूर आला की पाणी दोन्ही अंगांनी कापून जावं म्हणून. पुलाच्या खांबाला आम्ही ड्रॉइंगमध्ये असंच टोक द्यायचो, त्याला खात्यात कटवॉटर म्हणत. समोरून सगळे काढतात. तुम्ही एकदा तिरकस मागच्या बाजूने बसा. त्या भिंतीवर कोरीवकाम शोधत बसायची वेळच येणार नाही, नुसती वळणारी दगडी भिंत आणि तिच्यावरची सावली. 'किती काढू' हा तुमचा प्रश्न निम्मा तिथेच मिटेल, कारण त्या बाजूला काढण्यासारखी मुख्य गोष्ट एकच आहे.

समोरूनच काढायचं असेल तर डोळे किलकिले करा. तरीही जे दिसतं ते काढा आणि जे नाहीसं होतं ते सोडा. एकच कमान नीट, मन लावून काढा, बाकीच्या नुसत्या खुणेच्या. बघणारा त्या एका कमानीवरून उरलेल्या मनाने भरून घेतो. पुण्यात विश्रामबागवाड्याच्या सज्जाचे सुरूच्या झाडाच्या आकाराचे लाकडी खांब मी असेच काढते, एक पूर्ण आणि बाकीचे पुसट. पायऱ्यांचंही तेच. डाव्या कडेच्या चार रेघा नीट मारा, उजवीकडे जाता जाता त्या तुटू द्या. सगळ्या पायऱ्या पूर्ण आखल्यात तर घाट रूळ वहीसारखा दिसतो.

आणि तीन तास बसू नका. दुकान कोण बघतं?

*

आमच्याकडे चार महिने पाऊस. रंग वाळत नाहीत, कागद फुगतो. पावसाळ्यात वही बंदच ठेवायची का?
— वाचक, रत्नागिरी

बंद कशाला? रंग बंद ठेवा. हवाच ओली असल्यावर वॉश वाळत नाही, मग दुसरा हात मारलात की चिखल होतो. फाउंटन पेनची शाईही ओलसर कागदात फुटते. पावसात फोर-बी किंवा सिक्स-बी पेन्सिल आणि बॉलपेन, फार तर दोन रंगीत पेन्सिली. वही प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि बसायला एसटी स्टँड. एसटी स्टँडइतकी उत्तम जागा नाही. छप्पर आहे, बाकडं आहे, समोर लाल गाड्या आहेत आणि गाडीची वाट बघणारी माणसं कुठेही जात नाहीत. गाडी वेळेवर आली तरच अडचण.

ओल्या डांबरावर प्रतिबिंब काढताना ते तिरकं काढू नका. सावली उजेडाप्रमाणे तिरकी पडते, पण प्रतिबिंब वस्तूच्या सरळ खाली उतरतं. खांबाचं खांबाखाली, माणसाचं त्याच्या पायांपासून खाली. उभ्या उभ्या रेघांनी भरा आणि मध्ये एक-दोन आडवे पांढरे पट्टे सोडा, रस्ता लगेच ओला होतो.

*

वय 74. गुडघ्यांमुळे बाहेर जाऊन बसणं शक्य नाही. दुसऱ्या मजल्यावर राहतो, गॅलरी आहे. तिथून काही जमेल का?
— निवृत्त पोस्टमन, सातारा

जमेल की, आणि मजेदार जमेल. ठाण्याच्या विद्यार्थ्याला दिलेलं उत्तर वाचा, फक्त तुमची पातळीची रेघ वर गेलीय. वही डोळ्यांसमोर आडवी धरलीत की कड समोरच्या घराच्या दुसऱ्या मजल्यावरून जाईल. ती रेघ कागदाच्या अगदी वरच्या भागात मारा. गल्लीतली सगळी माणसं तिच्या खूप खाली येतात. जवळच्यांचं डोकं आणि खांदे दिसतात, पाय जवळजवळ नाहीच. लांबच्यांचे पाय दिसायला लागतात. छत्र्या वरून गोल दिसतात आणि लांब गेल्या की चपट्या. दूधवाला, पेपरवाला, शाळेची रिक्षा सगळे ठरल्या वेळी येतात, तेव्हा आज राहिलेलं उद्या त्याच वेळी पुरं करता येईल. कोणत्या दारात कोण, हे तुम्हाला तर पत्त्यासकट माहीत असणार.

समोरच्या गॅलरीत कपडे वाळत घालायला येणाऱ्या बाईंना मात्र आधी सांगून ठेवा की तुम्ही चित्र काढताय. नाहीतर त्या पडदा लावतील, आणि तुमच्या चित्राचा निम्मा कागद जाईल.